तिसरा खंड

इस्माईलभाई वर्षातून दोनदा येतो भेंडीबाजारातून,
फाटकी पुस्तकं गोणपाटात बांधून नेतो,
आणि परत आणताना सोबत एक पिशवी देतो:
पुस्तकांच्या पोटातून निघालेला ऐवज.
बसची तिकिटं, मोरपीस, एक्स-रेची पावती,
एकदा तर अख्खी दाढ, कापसात गुंडाळलेली.
यंदा म्हणाला, "बाई, ही चिठ्ठी तुमच्याच अक्षरातली दिसते."

मला वाचायची गरज नव्हती.

मुगभाटातलं हे वाचनालय.
काउंटरमागे मी आणि मृदुला तळपदे,
चौऱ्याऐंशी साली एकाच महिन्यात चिकटलेल्या.
टेबलफॅन एकच. तो तिच्याकडे जास्त वळतो
असं मला वाटायचं.
दिगंबरही.
जाड कादंबऱ्यांचा माणूस. आठवड्याला एक संपवायचा
आणि शनिवारी येऊन गोष्ट सांगायचा. तिला.
मी शिक्के मारत असायचे.
जरा जोरातच.

काय थाट असे त्या कादंबऱ्यांत मत्सराचा!
थोरली सून अत्तरात विष कालवायची,
गादीसाठी धाकटा भाऊ
ऐन पुरात धरणाचा बांध फोडायचा.
पापालाही तीनशे पानं मिळायची, वर विजा, वादळ,
आणि मरताना पश्चात्तापाचं लांबलचक भाषण.
मी म्हणायचे, असली माणसं असतात कुठे?
गिरगावात तरी नसतात.

बुधवारी दुपारी फोन वाजला, फोर्टातल्या मोठ्या ग्रंथालयाचा.
"मिस तळपदे आहेत? मुलाखत शुक्रवारी नाही,
उद्याच. पत्र पोचणार नाही म्हणून फोन केला."
ती जेवायला गेली होती.
मी म्हटलं, सांगते.
चिठ्ठीसुद्धा लिहिली. वेळ, मजला, सगळं.
अक्षर नेहमीपेक्षा नीटच.
मग कुणी पुस्तक परत करायला आलं,
आणि गडबडीत चिठ्ठी आत राहिली.

असं मी एकतीस वर्षं सांगत आले.
स्वतःलाच. दुसऱ्या कुणी विचारलंच नाही.

कुणीही आलं नव्हतं.
मी शिडी लावली, वरच्या फळीवरून
एका कादंबरीचा तिसरा खंड काढला,
कारण लोक पहिल्यातच दमतात, हे मला ठाऊक होतं.

त्या जागेसाठी अर्ज माझाही होता.
माझं पत्र वेळेवर पोचलं. गुरुवारी जाऊन आले,
बरी झाली मुलाखत.
जागा मिळाली नागपूरच्या कुणा गृहस्थांना.

शुक्रवारी मृदुला बहिणीचं घड्याळ लावून गेली.
तासाभरात परत.
पाणी प्यायली, म्हणाली,
"तारीख वाचण्यात माझीच काहीतरी चूक झाली असणार."
मग माझा घाम बघून
पंखा माझ्याकडे वळवून ठेवला.

दिगंबरनं ठाण्याची मुलगी केली.
आम्हा दोघींना पत्रिका दिली,
एकाच पाकिटात.

वीज पडली नाही. विष कुणी प्यायलं नाही.
मला दर वर्षी पगारवाढ मिळाली, जेवढी वाचनालयाला परवडते तेवढी.
मृदुला विरारला गेली, तिथल्या शाळेत लागली,
आणि डिसेंबरात कोबी चांगला मिळाला
की भाच्याबरोबर अजून भानोल्याचा डबा धाडते.
"तुझ्याइतकं जुनं आता कोण उरलंय मला," म्हणते फोनवर.
मी हं म्हणते.

कादंबरीत इथे प्रकरण संपवता येतं.
माझ्या ओट्यावर डबा धुऊन पालथा घातलाय.
रिकामा परत करू नये म्हणतात,
म्हणून मी दर वर्षी साखर घालते.

आज साखर घातली. वर चिठ्ठी ठेवली.
काढली. पुन्हा ठेवली.
कागद पिवळा पडलाय, घडीवर विरलाय,
पण शाई धड आहे, कुणालाही वाचता येईल:
मृदुला, मुलाखत उद्याच आहे.
अकरा वाजता. दुसरा मजला.
लवकर नीघ.